परमशी बोलायचे कोणत्या भाषेत?

१/
परम ८००० ची कथा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक देण्यास नकार दिला, राजीव गांधींच्या सरकारने देशातच तो घडवण्याचा निर्णय घेतला, मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. कथा खरी आहे. पण ती सांगताना आपण यंत्राचे कपाट दाखवतो आणि तिथेच थांबतो. आजचा धागा त्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाविषयी आहे. यंत्र तयार झाले. आता त्याच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत?

२/
त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘परम हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा महासंगणक होता’ हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चित्रफितीबरोबर फिरत असते. १९८८ साली बाजारात आलेल्या आठ प्रोसेसरच्या क्रे वाय-एमपीची कमाल क्षमता दोन गिगाफ्लॉप्सहून अधिक होती. सी-डॅकपुढचे ध्येय एक गिगाफ्लॉप्सचे होते, म्हणजे सेकंदाला दशांशचिन्हाच्या संख्यांवरील शंभर कोटी क्रिया. तीन वर्षांत आणि सुमारे ३० कोटी रुपयांत हे ध्येय गाठणे ही पुरेशी मोठी गोष्ट आहे. तिला खोट्या क्रमांकाची झालर लावण्याचे कारण नाही.

३/
आता भाषेकडे वळू. फोर्ट्रान ही भाषा आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली बाहेर आणली. गणिती सूत्र जसे कागदावर लिहितो जवळपास तसेच यंत्राला सांगता यावे, हा तिचा हेतू. भारतात ती लवकर आली. १९६३ साली आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथे अभियंत्यांना, वैज्ञानिकांना फोर्ट्रान शिकवण्याची रीतसर परंपरा सुरू झाली. तिथेच शिकवणाऱ्या प्रा. व्ही. राजारामन यांच्या पुस्तकांवर पुढे देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० बसला.

४/
म्हणजे सी-डॅक स्थापन झाली तेव्हा भारतीय वैज्ञानिकांची एक अख्खी पिढी पाव शतकापासून फोर्ट्रानमध्ये विचार करत होती. हा शब्दप्रयोग जाणूनबुजून करत आहे. हवामानशास्त्रज्ञाच्या दृष्टीने त्याची आज्ञावली हेच त्याचे प्रतिमान असते. वारा, बाष्प, दाब यांच्याविषयी त्याला जे काही समजले आहे ते सारे त्या हजारो ओळींत साठवलेले असते. त्यातल्या काही ओळी लिहिणारा निवृत्तही झालेला असतो. अशी आज्ञावली कोणी सहजासहजी फेकून देत नाही आणि नव्या भाषेत पुन्हा लिहीतही नाही.

५/
क्रेची खरी मोहिनी इथे होती. क्रेचा कंपायलर जुनी फोर्ट्रान आज्ञावली घेई, तिच्यातली आवर्तने तपासी आणि जिथे शक्य असेल तिथे एकेका संख्येऐवजी संख्यांच्या आख्ख्या ओळीवर एकदम क्रिया करणाऱ्या यंत्राज्ञा तयार करी. चांगला वेग हवा असेल तर वैज्ञानिकाला थोडी डागडुजी करावी लागे, पण आज्ञावलीचा सांगाडा तोच राही. क्रे विकत घेणारा वेग घेत होताच. त्याबरोबर आपले जुने लेखन वाचवण्याची हमीही घेत होता. भारताला नाकारली गेली ती ही दुहेरी वस्तू. (दिल्लीत हवामान अंदाजासाठी एक क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला अधिक शक्तिशाली क्रे मात्र मिळाला नाही.)

६/
सी-डॅकने क्रेची नक्कल केली नाही. ते त्या मुदतीत आणि त्या पैशांत शक्यही नव्हते. त्यांनी दुसरा मार्ग धरला: एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपायचे. या वाटेवर भारतात इतरही होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९८६ पासून ‘फ्लोसॉल्व्हर’ तयार होत होता, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’ही याच सुमाराचा. पुण्याने निवडलेला प्रोसेसर होता ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर.

७/
ट्रान्सप्यूटर हे विलक्षण अपत्य होते. १९८७ च्या टी८०० या चिपमध्ये प्रोसेसर, दशांश गणिताचा स्वतंत्र विभाग, ४ किलोबाइट स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे, असे सगळे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर होते. चार दुवे म्हणजे चार शेजारी. हे तुकडे जाळ्यासारखे विणत जायचे. परम ८००० मध्ये ६४ ट्रान्सप्यूटरचा एक गट होता. असे चार गट जोडले की २५६, आणि मग एक गिगाफ्लॉप्सचा आकडा आवाक्यात येई. जोडणीचा नकाशाही बदलता येत असे, म्हणजे गणिताच्या स्वरूपानुसार कोण कोणाचा शेजारी हे ठरवता येई.

८/
आणि या चिपला स्वतःची मातृभाषा होती. ऑकम.

९/
ऑकमविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती वाईट भाषा नव्हती. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये समांतर चालणाऱ्या प्रक्रियांचा एक गणिती सिद्धान्त मांडला. इनमॉसमधील डेव्हिड मे यांनी त्याच्या आधारे १९८३ साली ऑकम घडवली आणि ट्रान्सप्यूटर जणू तिच्यासाठीच बेतला. तिचे नाव चौदाव्या शतकातील तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याच्यावरून ठेवले. गरजेपेक्षा अधिक गोष्टी गृहीत धरू नयेत, हे त्याचे प्रसिद्ध तत्त्व. भाषाही तशीच काटकसरी. ‘सेक’ लिहिले की खालच्या ओळी एकामागून एक चालतात, ‘पार’ लिहिले की एकाच वेळी. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेवरून कळते. आज पायथन शिकणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

१०/
दोन प्रक्रिया एकमेकींशी फक्त ‘चॅनेल’मधून बोलत. एकीने संख्या पुढे करायची, दुसरीने घ्यायची. देवघेव पूर्ण होईपर्यंत दोघींनी थांबायचे. कुणी कुणाच्या स्मृतीत हात घालायचा नाही. या शिस्तीमुळे आज्ञावली बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करणे शक्य होई. टी८०० च्या दशांश गणिताच्या विभागाची सूक्ष्म रचना याच रीतीने, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने तपासली गेली आणि त्या कामाला १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीच्या नावाने दिला जाणारा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. तर, भाषा सुंदर होती. मला ती आजही सुंदर वाटते.

११/
अडचण अशी की पुण्यात ती कुणाला येत नव्हती. पुण्यातच कशाला, जगातल्या कुठल्याही हवामान केंद्रात वा रसायनशास्त्राच्या विभागात ती कुणाला येत नव्हती. पहिल्या ऑकममध्ये तर दशांशचिन्हाच्या संख्याच नव्हत्या. त्या १९८७ च्या ऑकम २ मध्ये आल्या. स्वतःला पुन्हा बोलावणारी उपआज्ञावली तिच्यात लिहिता येत नसे, आणि आज्ञावली चालू असताना स्मृतीची नवी मागणीही करता येत नसे. इनमॉसचा सुरुवातीचा आग्रह होता की ट्रान्सप्यूटर वापरायचा तर ऑकम शिका. ग्राहकांनी तो आग्रह फारसा मनावर घेतला नाही. लवकरच थ्रीएल या स्कॉटिश कंपनीने ट्रान्सप्यूटरसाठी समांतर सी आणि समांतर फोर्ट्रान विकायला सुरुवात केली, आणि पुढे खुद्द इनमॉसनेही इतर भाषांना दार उघडले.

१२/
आता सी-डॅकची कोंडी लक्षात घ्या. महासंगणक कशासाठी हवा होता? हवामान, तेलशोध, विमानांभोवतीचा हवेचा प्रवाह, रेणूंची रचना. या साऱ्या क्षेत्रांतील ज्ञान फोर्ट्रानमध्ये होते. यंत्र फक्त ऑकम बोलले असते तर ते त्याच्या घडवणाऱ्यांपुरतेच राहिले असते. देशाला वापरता येईल असे यंत्र करायचे तर चिपच्या भोवती आज्ञावली लिहिण्याचा, चालवण्याचा आणि तपासण्याचा एक पूर्ण संसार उभा करावा लागणार होता. सी-डॅकने तो उभा केला आणि त्याला नाव दिले ‘पारस’. हिंदीत पारस म्हणजे आपला परीस.

१३/
पारस म्हणजे एक आज्ञावली नव्हे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती सॉफ्टवेअर विकसनाची चौकट होती. तिच्यात कंपायलर होते, प्रत्येक ट्रान्सप्यूटरवर बसणारा छोटा कर्नल होता, समांतर फाइलव्यवस्था होती, चुका शोधण्याचे आणि वेळ कुठे खर्च होतो हे दाखवण्याचे साधन होते, गणिती उपआज्ञावल्यांचे संग्रह होते, चित्ररूपाने निकाल पाहण्याची सोय होती. वैज्ञानिक समोरच्या यजमान संगणकावर बसे; त्याची आज्ञावली तिथे तयार होऊन मागच्या ट्रान्सप्यूटरच्या जाळ्यात उतरवली जाई. आणि ती आज्ञावली सी वा फोर्ट्रानमध्ये असू शकत होती.

१४/
मग प्रश्न सुटला का? इथे थोडे थांबू, कारण खरा पेच भाषेच्या नावात नव्हता, तिच्या गृहीतकात होता.

फोर्ट्रान ज्या काळात जन्मली त्या काळी संगणकाला एकच प्रोसेसर आणि एकच सलग स्मृती असे. आज्ञावलीतला कोणताही भाग कोणतीही संख्या केव्हाही वाचू शकतो, हे तिने न सांगता धरून चालले आहे. परममध्ये मात्र प्रत्येक ट्रान्सप्यूटरपाशी स्वतःची, काही मेगाबाइटची, वेगळी स्मृती होती. शेजाऱ्याची संख्या हवी तर मागावी लागे, आणि शेजाऱ्याने ती पाठवावी लागे. कंपायलरने फोर्ट्रान समजून घेतले तरी ‘ती संख्या कोणाकडे आहे’ याचे उत्तर फोर्ट्रानच्या व्याकरणात नव्हते.

१५/
उदाहरण घेऊ. समजा महाराष्ट्राच्या नकाशावर चौकोनांची जाळी आखली आहे आणि प्रत्येक चौकोनाचे तापमान दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आहे. चौकोनाचे नवे तापमान त्याच्या स्वतःच्या आणि चारही बाजूंच्या जुन्या तापमानांवर अवलंबून असते. क्रेवर सारी जाळी एकाच स्मृतीत असे. आवर्तन फिरवले की झाले. परमवर नकाशा वाटून द्यावा लागे: एका ट्रान्सप्यूटरकडे कोकण, दुसऱ्याकडे देश, तिसऱ्याकडे मराठवाडा, चौथ्याकडे विदर्भ. लोणावळ्याच्या चौकोनाचे गणित करायचे तर घाटाखालच्या खोपोलीचे तापमान लागते आणि ते कोकणवाल्याकडे आहे. म्हणून गणिताच्या प्रत्येक पायरीआधी प्रत्येकाने आपल्या सीमेवरची ओळ शेजाऱ्याला पाठवायची आणि त्याची घ्यायची.

१६/
या देवघेवीत दोन धोके. पहिला वेळेचा. नकाशाचे तुकडे फार लहान केले तर सीमा वाढतात आणि गणितापेक्षा निरोपांतच वेळ जातो. ६४ प्रोसेसर लावूनही काम ६४ पट वेगाने होत नाही ते यामुळे. दुसरा धोका कोंडीचा. कोकण आणि देश दोघेही एकाच क्षणी ‘आधी माझी ओळ घे’ म्हणून हात पुढे करून उभे राहिले आणि घेणारा कुणीच नसला, तर दोघेही कायमचे उभे राहतात. यंत्र बंद पडत नाही, चुकीचे उत्तरही देत नाही. नुसते गप्प राहते. असे मौन फोडण्यासाठी पारसमधली चुका शोधण्याची साधने लागत. अशा साधनांवर कुणी लेख लिहीत नाही, पण त्यांच्यावाचून यंत्र वापरात येत नाही.

१७/
आणखी एक मेहनत अदृश्य होती. ट्रान्सप्यूटरला चारच शेजारी. कोकणाला विदर्भाशी बोलायचे असेल तर निरोप मधल्यांकडून पुढे सरकवावा लागे. टी८०० मध्ये याची सोय नव्हती. ती सॉफ्टवेअरने करायची. शिवाय या चिपमध्ये स्मृतीला कुंपण घालणारी यंत्रणाही नव्हती, त्यामुळे एका चुकीच्या ओळीने कर्नलच्याच जागेवर पाय पडू शकत होता. चिप विकत घेतली होती हे खरे. तिच्या उणिवांवरचा उपाय मात्र विकत मिळत नव्हता, आणि सी-डॅकच्या तरुण अभियंत्यांचा मोठा काळ त्यात गेला.

१८/
या सगळ्याचे चीज कुठे झाले? एक उत्तर अगदी शेजारीच सापडते. सी-डॅक गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात होती, आणि त्याच आवारातील रसायनशास्त्र विभागात प्रा. श्रीधर गद्रे यांचा गट रेणूंतील इलेक्ट्रॉनांची गणिते करत होता. या शास्त्रात एक राक्षसी पायरी असते. रेणूचे वर्णन १०० फलांनी केले तर इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणाची सुमारे सव्वा कोटी समाकलने काढावी लागतात. फले दुप्पट केली की हा आकडा सोळापट होतो.

१९/
पण या राक्षसाची एक बाजू मवाळ आहे. यातले प्रत्येक समाकलन दुसऱ्यावर अवलंबून नसते. कोकण आणि देश यांच्यासारखी सतत देवघेव नको. कामाची वाटणी करून द्यायची, प्रत्येकाने आपला वाटा करायचा आणि शेवटी बेरीज. कठीण भाग एवढाच की काही समाकलने पटकन होतात, काहींना फार वेळ लागतो, म्हणून वाटा संख्येने समान दिला तरी श्रमाने समान होत नाही. गद्रे यांच्या गटाने या प्रकारची गणिते परमवर समांतर केली आणि त्यावरचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. भाषेचा अडसर खाली आला की विज्ञान किती लवकर आत शिरते, याचा हा पुण्यातला पुरावा. केवळ ऑकम येणारे यंत्र असते तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे काम हाती घेतले असते का, याची मला शंका आहे.

२०/
१९९१ मध्येच एक परम ८००० मॉस्कोतील संगणकसाहाय्यित अभिकल्प संस्थेत बसवला गेला. त्यानंतर परम ८६०० आला. त्यात गणिताचे ओझे इंटेलच्या आय८६० या चिपकडे गेले आणि ट्रान्सप्यूटर मुख्यतः निरोप्या झाला. इथे एक सूक्ष्म गोष्ट दिसते: आय८६० ला ऑकमशी काही देणेघेणे नव्हते. ज्या वैज्ञानिकाने आपले काम फोर्ट्रानमध्ये लिहिले होते त्याच्यासाठी हा बदल पेलण्याजोगा होता. चिप बदलली, त्याची भाषा तीच राहिली.

२१/
तिकडे ट्रान्सप्यूटरचे दिवस भरत आले होते. इनमॉस आधी थॉर्न ईएमआयकडे आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. पुढचा टी९००० वर्षानुवर्षे लांबला आणि आला तेव्हा इतर कंपन्यांचे प्रोसेसर खूप पुढे निघून गेले होते. एखाद्या देशाने आपले सारे वैज्ञानिक लेखन ऑकममध्ये करून ठेवले असते, तर त्याची अवस्था काय झाली असती, याचा विचार करून पाहा. सी-डॅकने १९९४ च्या परम ९००० मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर बसवता येतील अशी रचना स्वीकारली: सनचे स्पार्क, डिजिटलचे अल्फा.

२२/
याच काळात जगभर एक वेगळीच डोकेदुखी वाढली होती. समांतर यंत्रे बनवणारी प्रत्येक कंपनी निरोप पाठवण्याची आपापली रीत विकत होती. इंटेलच्या यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे, आणि पारससाठी लिहिलेली पारसबाहेर चालत नसे. हा पारसचा दोष नव्हता. तो त्या काळाचाच दोष होता. कंपायलरनेच सारी वाटणी आपोआप करावी, असे स्वप्नही अनेकांनी पाहिले. १९९३ मधील ‘हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान’ हा त्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न. तो फारसा रुजला नाही. वाटणी कशी करावी हे शेवटी आपल्या गणिताची जाण असलेल्या माणसालाच ठरवावे लागले.

२३/
तोडगा निघाला तो भाषेबाहेरून. १९९२ मध्ये विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि १९९४ मध्ये एमपीआय हे मानक प्रसिद्ध झाले. त्यांनी नवी भाषा काढली नाही. ‘पाठव’, ‘घे’, ‘सर्वांना सांग’, ‘सर्वांची बेरीज कर’ अशा उपआज्ञावल्यांचा एक संच ठरवला आणि तो नेमक्या दोन भाषांतून हाक मारता येईल असा केला: सी आणि फोर्ट्रान. (सी++ ला १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र प्रवेश मिळाला आणि २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो काढूनही घेतला गेला. भाषांच्या दरबारात असे मानापमान चालतात.)

२४/
१९९८ मध्ये पुण्यात परम १०००० आला. कमाल क्षमता १०० गिगाफ्लॉप्स, आत सन कंपनीचे सर्व्हर. या वेळी सी-डॅकच्या सॉफ्टवेअरची घडण पाहण्यासारखी आहे. त्यांनी सी-एमपीआय या नावाने जागतिक मानकाची स्वतःच्या यंत्रासाठी वेगवान केलेली आवृत्ती लिहिली आणि तिच्याखाली ‘क्षिप्र’ हा निरोपांचा जलद थर घातला. वरची बोली जगाची, आतले यंत्रकौशल्य घरचे. पारसच्या दिवसांत निरोप सरकवण्याची जी विद्या कमावली होती ती वाया गेली नाही. ती आता दिसेनाशी झाली, एवढेच. परम १०००० साठी लिहिलेली आज्ञावली उचलून परदेशातल्या दुसऱ्या यंत्रावर नेता येत होती, आणि तिकडची इकडे आणता येत होती. माझ्या मते परमच्या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, गिगाफ्लॉप्सच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा.

२५/
पुढचा भाग झरझर. २००८ चा परम युवा ५४ टेराफ्लॉप्सचा, २०१३ चा युवा-२ त्याच्या सुमारे दहापट. २०२० मध्ये परम सिद्धी-एआय हा सी-डॅकचा महासंगणक जागतिक यादीत ६३ वा आला. त्यात गणिताचे ओझे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर आहे, आणि इथे जुना प्रश्न नव्या वेशात परत येतो: या चिपलाही स्वतःची मातृभाषा आहे, कुडा नावाची, आणि ती एकाच कंपनीच्या मालकीची आहे. २००७ मध्ये ती आली आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर फोर्ट्रानचा दरवाजा बसवावा लागला. ओळखीचे वाटते ना?

२६/
ऑकमचे काय झाले? भाषा मागे पडली, पण तिच्यामागचा विचार टिकला. २००९ मध्ये गूगलने आणलेल्या गो भाषेतले ‘चॅनेल’ होअर यांच्या त्याच १९७८ च्या सिद्धान्ताचे वंशज आहेत. हिंजवडी-खराडीत बसून आज गोमध्ये सेवा लिहिणाऱ्या अभियंत्याला एका चॅनेलमध्ये दोघे अडकून पडले की जो घाम फुटतो, तो गणेशखिंडीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी फुटलेल्या घामाच्याच जातीचा आहे.

२७/
आणि क्रे? तो पुण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ सुरू झाला. तो क्रे एक्ससी४०, क्षमता चार पेटाफ्लॉप्स, म्हणजे परम ८००० च्या ध्येयाच्या चाळीस लाख पट. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथेच ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या ‘अर्क’चे लोकार्पण झाले, आणि त्याच दिवशी पुणे जिल्ह्यातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्रचेही. जी हवामान प्रतिमाने या यंत्रांवर चालतात त्यांचा गाभा आजही फोर्ट्रानमध्ये आहे, आणि जगाच्या नकाशाचे तुकडे एकमेकांना सीमेवरच्या ओळी पाठवतात ते एमपीआयमधून.

२८/
एक विनंती करून थांबतो. परम ८००० ची कपाटे छायाचित्रांत दिसतात. पारस छायाचित्रात येत नाही. त्या काळी फोर्ट्रानच्या आज्ञावल्या परमवर नेणारे, कोंडीत अडकलेल्या प्रक्रिया रात्री-अपरात्री सोडवणारे अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत आणि पुण्यातच राहतात. कुणी तुमचे आजी-आजोबा असतील, कुणी शेजारचे काका, कुणी निवृत्त प्राध्यापिका. त्यांच्या कपाटात पारसची एखादी पुस्तिका, छापील आज्ञावलीचा एखादा गठ्ठा वा चुंबकीय फीत पडली असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. आणि त्यांना एवढे जरूर विचारा: ‘तुमची पहिली आज्ञावली परमवर चालली, तेव्हा ती कोणत्या भाषेत होती?’ जी उत्तरे मिळतील ती या धाग्याखाली लिहा.